पोलिसांनी गाडी थांबवली आणि कमरेला परवान्याचं पिस्तूल आहे: सांगायचं का, कधी, कसं?

ग्रेटलेक्सकर

बंदूक असावी की नसावी यावर आधीच भरपूर वाद झाले आहेत, हा धागा त्यासाठी नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे, पिस्तूल शर्टाखाली कमरेला आहे आणि मागे अचानक लाल-निळे दिवे लागले, त्यांनी पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मंडळातल्या काही जणांशी बोललो. सगळ्यांनी नेमबाजी मन लावून शिकलेली, पण या दोन-तीन मिनिटांबद्दल प्रत्येकाची समजूत वेगळी. हे मला धोक्याचं वाटतं, म्हणून लिहितोय.

मी मिशिगनमध्ये असतो. इथे सीपीएल (कन्सील्ड पिस्टल लायसन्स, म्हणजे पिस्तूल दडवून बाळगायचा परवाना) काढायला किमान आठ तासांचा वर्ग करावा लागतो, त्यातले तीन तास रेंजवर. कायदा स्पष्ट आहे: परवानाधारक पिस्तूल दडवून बाळगत असेल, अंगावर किंवा गाडीत, आणि पोलिसाने थांबवलं, तर त्याने ते ताबडतोब सांगायचं. पोलीस विचारेल तेव्हा सांगू, हे चालत नाही. पहिल्यांदा चुकलं तर ५०० डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच झालं तर १००० डॉलर आणि परवाना रद्द. टेझरसारखं विजेचा झटका देणारं उपकरण जवळ असेल तर तेही सांगायचं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता कसं सांगायचं. गाडी कडेला घेतली की इंजिन बंद, काच पूर्ण खाली, रात्र असेल तर आतला दिवा चालू, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं उघडी. कागद शोधायला लागायचं नाही. घोळ इथेच होतो. पोलीस येईपर्यंत वेळ वाचवावा म्हणून आपण रजिस्ट्रेशन काढायला ग्लोव्ह कंपार्टमेंटकडे वाकतो. मागून चालत येणाऱ्या माणसाला तेव्हा फक्त एवढंच दिसतं की ड्रायव्हरचा खांदा खाली गेला आणि हात दिसेनासा झाला.

तो खिडकीशी आला की हात न हलवता, शांत आवाजात: 'ऑफिसर, आय हॅव अ कन्सील्ड पिस्टल लायसन्स अँड आय ॲम कॅरिइंग टुडे. इट्स ऑन माय राइट हिप. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?' आधी परवाना, मग शस्त्र, मग जागा, शेवटी त्याच्याकडून सूचना. 'आय हॅव अ गन' अशी सुरुवात करू नये. शेजारून ट्रक धडधडत जात असतात, पुढचं मागचं ऐकूच गेलं नाही तर उरलेले चार शब्द धमकीसारखे वाटतात.

आणखी एक. पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि पिस्तूलही उजव्या कमरेला, असं बहुतेक पुरुषांचं असतं. म्हणजे लायसन्स काढायला हात नेला की तो पिस्तुलावरूनच जाणार. मी पाकीट पुढच्या डाव्या खिशात ठेवतो, आणि गाडी चालवताना परवाना व लायसन्स सन व्हायझरला अडकवलेल्या पाकिटात. ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये रजिस्ट्रेशन आणि पिस्तूल एकत्र तर कधीच ठेवू नये.

बाकी राज्यांतल्या मंडळींनी आपापल्या इथलं लिहावं.

ऑस्टिनची_मीरा

धागा काढलात हे फार बरं केलंत. टेक्ससमध्ये परवानाधारकाकडे हँडगन असेल आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं, तर ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसी (हँडगन बाळगायचा परवाना) दाखवायचं असा नियम आहे. न दाखवल्याबद्दलची शिक्षा २००९ मध्ये काढून टाकली, नियम मात्र कायम आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते, त्या लोकांना दाखवायला कार्डच नसतं. त्यामुळे 'टेक्ससमध्ये सांगावं लागत नाही' असं सर्रास ऐकायला मिळतं. परवानाधारकांसाठी ते खरं नाही.

मला दोनदा थांबवलंय. मी दोन्ही कार्डं एकत्र पुढे केली आणि कुठे आहे ते सांगितलं. एकदा पोलीस म्हणाला, 'तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही,' आणि वेगाची ताकीद देऊन सोडलं. दुसऱ्या वेळी खाली उतरवून पिस्तूल काढून घेतलं, तपासलं आणि शेवटी रिकामं करून, मॅगझिन वेगळं, असं परत दिलं. तो त्याचा अधिकार आहे. परत मिळाल्यावर तिथेच भरायला बसू नये, तो निघून गेला की मगच.

रालेकर

नॉर्थ कॅरोलायना मिशिगनसारखंच. पोलीस तुमच्याजवळ आला किंवा तुमच्याशी बोलला की परवाना आहे आणि जवळ शस्त्र आहे, दोन्ही आपणहून सांगायचं. थोड्या अंतरावरच्या जॉर्जियात अशी सक्तीच नाही. आम्ही अटलांटाला वरचेवर जातो, एका दिवसाच्या प्रवासात नियम बदलतो. मी सगळीकडे सांगतोच.

शंकेखोर

माफ करा, पण तुम्ही सगळे फिलँडो कॅस्टीलला विसरलात का?

६ जुलै २०१६, फाल्कन हाइट्स, मिनेसोटा. ३२ वर्षांचा माणूस, सेंट पॉलच्या शाळेच्या जेवणघरात पर्यवेक्षक. रीतसर परवाना. टेललाइट बंद आहे असं सांगून गाडी थांबवली. त्याने विम्याचं कार्ड दिलं आणि अगदी नम्रपणे, 'सर' म्हणून, आपल्याजवळ शस्त्र आहे हे सांगितलं. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. २०१७ च्या जूनमध्ये ज्युरीने तो पोलीस निर्दोष सोडला.

मिनेसोटात पोलिसाने विचारलं तरच सांगायचं असा नियम आहे. त्याला कोणी विचारलं नव्हतं. कायद्याने मागितलं त्याहून जास्त त्याने केलं आणि जीव गेला. जिथे सक्ती नाही तिथे गप्प राहावं, तिकीट घ्यावं आणि घरी जावं. ज्याने दिवे लावून थांबवलंय तो घाबरट निघाला तर तुमचं सुंदर वाक्य काय कामाचं?

ग्रेटलेक्सकर

@शंकेखोर, विसरलेलो नाही. धागा काढायचं मोठं कारण तेच आहे. डॅशकॅमचं चित्रण मी अनेकदा थांबवून थांबवून पाहिलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

दोष कॅस्टीलचा नव्हता, हे आधी स्वच्छ म्हणतो. पण त्या काही सेकंदांत काय झालं ते पाहणं आपल्यासाठी गरजेचं आहे. पोलिसाने लायसन्स आणि विमा मागितला होता. म्हणजे एक हुकूम आधीच सुटलेला: लायसन्स काढ. त्यानंतर शस्त्राचं कळलं आणि दुसरा हुकूम आला: हात नेऊ नकोस. पिस्तूल चड्डीच्या खिशात, लायसन्सही अंगावरच. एकाच हाताला दोन उलट हुकूम. तो 'मी काढत नाहीये' असं सांगत होता.

म्हणून मी म्हणतो, पहिलं वाक्य हेच हवं, कागद मागितले जाण्याआधी, आणि ते बोलताना व बोलल्यावर हात स्टिअरिंगवरून हलता कामा नये. पोलीस 'लायसन्स दाखवा' म्हणाला तरी, 'ते माझ्या डाव्या खिशात आहे, हात नेऊ का?' असं विचारून, 'हो' ऐकूनच हलायचं. याने धोका शून्य होत नाही. तशी खात्री मी देणार नाही. पण गप्प बसून, मग शर्ट वर सरकला आणि पोलिसालाच पिस्तूल दिसलं, तर आपल्याला बोलायची संधीच उरत नाही.

शंकेखोर

हात न हलवण्याचा मुद्दा पटला. आपणहून सांगण्याचा नाही. मी ओहायोत आहे. इथेही पूर्वी ताबडतोब सांगायची सक्ती होती. २०११ मध्ये कँटन शहरातला व्हिडिओ खूप फिरला होता: ड्रायव्हर हातात परवाना धरून सांगायचा प्रयत्न करतोय, पोलीस त्याला बोलूच देत नाही, आणि नंतर 'आधी का नाही सांगितलं' म्हणून अंगावर धावून जाऊन ठार मारायच्या धमक्या देतो. १३ जून २०२२ पासून ओहायोत विचारलं तरच सांगायचं असं झालं. मला हा बदल योग्य वाटतो. 'ताबडतोब' म्हणजे किती सेकंद, हे ठरवणारा शेवटी समोरचाच असतो.

विचारलं तर मी खरंच सांगेन. खोटं बोलायचं नाही, यावर माझं काही दुमत नाही.

कायदा_वाचक

मी वकील नाही, पण वाचन बरंच आहे. वर दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात, त्या वेगळ्या करतो.

राज्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. आपणहून सांगा: मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, अलास्का, आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्यानंतर न्यू जर्सी. विचारलं तर सांगा किंवा परवाना दाखवा: इलिनॉय, मिनेसोटा, आता ओहायो, मागणी झाल्यावर पेनसिल्व्हेनिया. आणि सक्तीच नाही अशी जॉर्जियासारखी. मेन राज्यात तर परवाना नसताना बाळगणाऱ्याने ताबडतोब सांगायचं, परवानाधारकाला तशी सक्ती नाही. हे नियम बदलत राहतात, प्रवासाआधी त्या त्या राज्याच्या पोलिसांचं संकेतस्थळ बघावं, व्हॉट्सॲपवरचे नकाशे नव्हेत.

दुसरं म्हणजे पोलीस काय करू शकतो. 'मला खाली उतरवलं, हा अपमान आहे' असं आपल्याकडे वाटतं. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की रीतसर थांबवलेल्या गाडीतून ड्रायव्हरला उतरायला सांगता येतं, वेगळं कारण लागत नाही. त्या खटल्यात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी थांबवलेला माणूस उतरला, कोटाखाली फुगवटा दिसला आणि रिव्हॉल्व्हर निघालं. १९९७ मध्ये हेच प्रवाशांनाही लागू झालं. तेव्हा उतरा म्हटलं तर वाद न घालता उतरायचं, फक्त उतरण्याआधी शस्त्र कुठे आहे ते सांगून टाकायचं.

प्रवासी म्हणून बसला असाल आणि पिस्तूल तुमच्याकडे असेल तरी हेच. गाडी थांबवली की प्रवासीही थांबवलेलाच धरला जातो, हे २००७ च्या ब्रेंडलिन निकालात आलंय.

नवा_गडी

प्रश्न जरा वेगळा आहे. मी एच-१बी वर आहे, डॅलसजवळ. ऑफिसमधले मित्र म्हणतात टेक्ससमध्ये परवाना लागत नाही, तू पण घे. रूममेट सिटिझन आहे, त्याचं पिस्तूल माझ्या गाडीच्या कन्सोलमध्ये असतं, आम्ही एकत्रच जातो-येतो. थांबवलं तर मी सांगायचं की त्याने?

कायदा_वाचक

@नवा_गडी, कृपया हे आजच वाचा. थांबवल्यावर कोणी सांगायचं हा तुमचा प्रश्नच नाही. ते पिस्तूल तुमच्या गाडीत असताच कामा नये.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या आधाराने कन्सोलमध्ये पिस्तूल ठेवून ऑफिसला जाता येत नाही. टेक्ससने परवान्याची अट काढली म्हणून फेडरल मनाई उठत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं झाली आहे. वर शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाण्याचं ते स्वतंत्र कारण आहे.

आणि 'जवळ ठेवणं' म्हणजे खिशातच असलं पाहिजे असं नाही. तुमची गाडी, तुमचं कन्सोल, तुम्हाला माहीत आहे, हात पोचतो. तुम्ही प्रामाणिकपणे 'ऑफिसर, कन्सोलमध्ये पिस्तूल आहे' म्हणालात की तीच तुमच्या विरोधातली साक्ष. मित्राला सांगा, त्याचं शस्त्र त्याच्या गाडीत, त्याच्या कुलपात. घरातही कुलपात आणि किल्ली फक्त त्याच्याकडे. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत रेंजवर जाण्याआधीसुद्धा इमिग्रेशन वकिलाला विचारा.

नवरा सिटिझन आणि बायको एच-१बी वर, अशी घरं आपल्यात आहेत. त्यांनाही हे लागू.

नवा_गडी

धन्यवाद. हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजच त्याला काढायला लावतो.

वैशाली_नोव्हाय

नवऱ्याकडे सीपीएल आहे, माझ्याकडे नाही. मला या सगळ्यात काळजी वाटते ती गाडीतल्या बाकीच्यांची. मागच्या सीटवर सहा वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यात सासू-सासरे.

सासरे आयुष्यभर महाराष्ट्रात गाडी चालवलेले. तिथे पोलिसाने हात केला की आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो, कागद घेऊन साहेबांपाशी जातो, नमस्कार करतो. ती तिथली रीत आहे. मागच्या वर्षी इथे थांबवलं तर मी ओरडेपर्यंत त्यांनी मागचं दार उघडलं होतं, माझ्या नवऱ्याच्या वतीने बोलायला निघाले होते. पोलिसाने लांबूनच मोठ्याने आत बसायला सांगितलं. त्यांना ते कळलं नाही, मी हात धरून बसवलं. त्यात गाडीत पिस्तूल.

आता आमच्याकडे ठरलंय. गाडी थांबली की सगळ्यांचे हात मांडीवर, दार उघडायचं नाही, बोलायचं फक्त ड्रायव्हरने. आणि आपापसात मराठीत बोलायचं नाही. हे सासूबाईंना लागलं, मला समजतं. पण घाबरल्यावर आपण सगळे एकदम मराठीत सुरू होतो, आणि खिडकीशी उभ्या असलेल्याला आपण काय ठरवतोय ते कळत नाही. मुलालाही शिकवलंय की बाबा स्वतः सांगतील, तू 'बाबांकडे गन आहे' असं मागून ओरडायचं नाही.

२०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये नातवासाठी आलेल्या गुजराती आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं होतं. ते फक्त फिरायला बाहेर पडले होते, इंग्रजी येत नव्हतं, मानेला मार लागून शरीर अंशतः लुळं पडलं. तिथे बंदुकीचा काही संबंध नव्हता. म्हणूनच मला वाटतं, शस्त्र असलेल्या गाडीत आई-वडिलांना बसवताना आधी दहा मिनिटं समजावून सांगणं हे आपलं काम आहे.

निवृत्त_फौजदार

वैशालीताई, सासऱ्यांचं वागणं आपल्याकडच्या हिशोबाने अगदी बरोबर होतं, त्यांना वाईट वाटू देऊ नका. मी सांगलीकडचा, नोकरीची बरीच वर्षं नाकाबंदीत गेली. आपल्याकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर असलेले बागायतदार, सराफ, ठेकेदार पुष्कळ. आर्म्स ॲक्टच्या कलम १९ खाली पोलीस शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. आपणहून सांगायचीच अशी सक्ती मी कधी राबवली नाही, पण जाणते लोक काच खाली करतानाच 'साहेब, हत्यार आहे, परवाना आहे' म्हणत. निवडणुका लागल्या की बहुतेकांची हत्यारं ठाण्यातच जमा असतात.

पण आमच्या नाकाबंदीत समोरच्याकडे हत्यार असेल असं गृहीत धरून आम्ही उभे नसायचो. तिकडचा शिपाई प्रत्येक गाडीकडे तेच धरून जातो, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. हातात काही नसलेला आणि हात न हलवणारा माणूस दिसला की कुठल्याही पोलिसाचा श्वास खाली बसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

ऑस्टिनची_मीरा

वैशाली, फार उपयोगी प्रतिसाद. घरी वाचून दाखवला.

रालेकर

एक व्यवहारातली शंका. आम्ही पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला नातेवाइकांकडे चाललोय, गाडीने. परवाना नॉर्थ कॅरोलायनाचा. तिथे थांबवलं तर सांगितलं की झालं ना?

कायदा_वाचक

अजिबात नाही! न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईला तिथे थांबवलं होतं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, तो तिथेही चालतो अशी तिची समजूत. तिने स्वतःहून, प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यावरूनच अटक झाली. काही वर्षं सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर होती. शेवटी २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. सांगण्याचा नियम पाळून उपयोग तेव्हाच, जेव्हा शस्त्र जवळ असणं मुळात कायदेशीर आहे.

प्रवासासाठी १९८६ च्या फेडरल कायद्यात एक संरक्षण आहे: पिस्तूल रिकामं, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही हाताला येणार नाहीत अशा जागी. ओडिसीसारख्या मिनीव्हॅनला किंवा एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट किंवा कन्सोल त्यात धरत नाहीत. पण हे संरक्षण, जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल तरच. तुम्ही न्यू जर्सीतून पुढे जात नाही, तिथेच उतरताय. त्याच्या भरवशावर राहू नका.

रालेकर

म्हणजे घरीच ठेवायचं. बायको हेच म्हणत होती.

ग्रेटलेक्सकर

मीही तेच करतो. आम्ही ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातून आय-८० महामार्गाने न्यू जर्सीला जातो, तेव्हा पिस्तूल घरच्या तिजोरीत राहतं. आणि निघण्याआधी गाडी एकदा झाडून बघतो, सीटखाली, दाराच्या कप्प्यात, बॅगेच्या कोपऱ्यात रेंजवरची एखादी गोळी राहिली नाही ना. मुलांच्या खेळण्यांच्या पिशवीतही बघा, आमच्याकडे एकदा रिकामं काडतूस तिथे सापडलं होतं.

इलिनॉय आणि इंडियानातल्या कुणी अजून लिहिलेलं नाही, त्यांनी जरूर लिहावं. शिकागोला आमच्या इथून बरीच ये-जा असते.